डबा कोणाचा, नग किती? केंद्रीय नौवहनमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, बंदरे, नौवहन आणि जलमार्ग,
भारत सरकार, नवी दिल्ली



२०२५ साली संसदेने १९२५ सालचा सागरी मालवाहतूक कायदा मोडीत काढून नवा केला. त्याच वर्षी बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या पावतीचा, १८५६ सालचा कायदाही बदलला. मालवाहतुकीच्या जुन्या कायद्यातलं जवळजवळ सगळं नव्यात जसंच्या तसं उतरलं आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण एक गोष्ट खरोखरच नवी आहे. वाहतूकदाराची कर्तव्यं आणि सवलती ज्या परिशिष्टात लिहिल्या आहेत, ते परिशिष्ट आता केंद्र सरकारला अधिसूचना काढून बदलता येतं. अधिसूचनेने कायदा हलवण्याची सवय एरवी मला आवडत नाही. तरी अधिकार दिलाच आहे, तर तो कशासाठी वापरावा हे सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी उरण-पनवेल पट्ट्यात निर्यातीची कागदपत्रं बघतो. न्हावा शेवाला जाणाऱ्या कंटेनरला आमच्याकडे ड्रायव्हरपासून सीएचएच्या (कस्टम्स एजंटच्या) पोऱ्यापर्यंत सगळे डबाच म्हणतात, म्हणून या पत्रातही तो शब्द येईल. मागणी एवढीच आहे की करारात डबा म्हणजे काय, हे कायद्याने सांगावं. आज ते जहाज कंपनी सांगते, आणि एकाच कागदावर जागा बदलली की उत्तरही बदलतं.

बिल ऑफ लेडिंगची मागची बाजू वाचणारे लोक थोडे. अक्षर इतकं बारीक की भिंगच हवं. सुरुवातीला व्याख्या असतात. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या छापील अटींत माल म्हणजे शिपरने (माल पाठवणाऱ्याने) दिलेला सगळा ऐवज, अधिक कंपनीने न पुरवलेला कंटेनर. म्हणजे स्वतःचा डबा आणलात तर तो माल, कंपनीचा घेतलात तर नाही. इथवर ठीक आहे. पुढे भरपाईच्या कलमात यावं, तर कंपनीचा तोच डबा, आतल्या नगांची नोंद नीट नसेल तर, अख्खाच्या अख्खा एक नग होतो. आणखी थोडं पुढे गेलं की डब्यातल्या दोषाचं कलम लागतं. कंपनीने दिलेला डबा सदोष असेल, पण भरण्यापूर्वी पाहिल्यावर तो दोष कळण्याजोगा असेल, तर नुकसान डबा भरणाऱ्याच्या माथी. इथे डबा जणू शिपरच्या पॅकिंगचा भाग झाला. आणि डिटेन्शनच्या कलमात तो पुन्हा कंपनीची मालमत्ता होतो. वेळेत परत केला नाही तर दिवसाला इतके डॉलर, आणि ते भरायचे 'मर्चंट'ने. मर्चंट कोण? शिपर, कन्साइनी (माल घेणारा), बिलाचा धारक, मालाचा मालक, सगळेच. एकत्रितही आणि एकेकटेही.

हा योगायोग नाही. प्रत्येक कलम ज्याने लिहिलं त्याच्या सोयीने लिहिलं आहे. त्याला मी दोषही देत नाही. वकील ठेवला की तो आपल्या अशिलासाठीच लिहिणार. पण छोट्या निर्यातदाराला या अटी वाटाघाटीला मिळत नाहीत. बुकिंग हवं तर त्या मान्य, नको तर दुसऱ्या कंपनीकडे जा, आणि दुसरीच्या कागदावरही थोड्याफार फरकाने तेच छापलेलं. म्हणूनच सागरी वाहतुकीचे किमान नियम कायद्याने घालून देण्याची पद्धत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सुरू झाली.

असे आंतरराष्ट्रीय किमान नियम, म्हणजे हेग नियम, १९२४ साली ब्रसेल्सला झाले. त्या काळी माल पोती, पिंपं, गासड्या, लाकडी खोकी अशा रूपांत जहाजावर चढायचा, तोही माणसांच्या खांद्यांवरून आणि क्रेनच्या जाळ्यांतून. नुकसान झालं तर वाहतूकदाराने दर नगामागे जास्तीत जास्त १०० पौंड द्यावेत, असं ठरलं. त्या नियमातला 'पॅकेज ऑर युनिट' हा शब्दप्रयोग ज्यांनी लिहिला, त्यांच्या डोळ्यांसमोर पोलादी डबा नव्हता. तो आला ३२ वर्षांनी. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन या ट्रकवाल्याचं 'आयडियल एक्स' हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं, त्यावर ५८ डबे होते. तेव्हापासून न्यायालयं एकच प्रश्न सोडवत बसली आहेत: नग मोजायचे ते डब्याच्या बाहेरून की आतून?

अमेरिकेचं उदाहरण बघण्यासारखं आहे. तिथे १९३६ च्या कायद्याने नगामागे ५०० डॉलरची मर्यादा घातली आणि ती आजही तेवढीच आहे. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने चामड्याच्या ९९ गासड्यांचा डबा हरवला तेव्हा प्रत्येक गासडी वेगळा नग धरली. दोनच वर्षांनी त्याच न्यायालयापुढे 'कुल्मरलँड' जहाजावरून आलेल्या ३५० हिशेबयंत्रांचं प्रकरण आलं. यंत्रं पुठ्ठ्याच्या खोक्यांत होती. न्यायालय म्हणालं, ही खोकी डब्याबाहेर समुद्रप्रवासात टिकली नसती, म्हणून खरा नग डबाच. साडेतीनशे यंत्रांची भरपाई ५०० डॉलर. पुढे ही कसोटी त्याच न्यायालयाने सोडून दिली, पण मधल्या वर्षांत ज्यांचे डबे गेले त्यांना त्याचा काय उपयोग?

हेग नियमांच्या १९६८ च्या व्हिस्बी दुरुस्तीने यावर तोडगा काढला. बिलात डब्यातले जितके नग मोजून लिहिले असतील तितके नग धरायचे, नाहीतर डबाच एक नग. जोडीला वजनाचा पर्याय आला. आपल्याकडे १९९३ च्या बहुविध वाहतूक कायद्याने १९२५ च्या परिशिष्टात दुरुस्ती करून हे आणलं. नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा नुकसान झालेल्या मालाच्या किलोमागे २ एसडीआर, यांतलं जे जास्त असेल ते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. हिशेबापुरता एकाचा भाव १२० रुपये धरू.

आता हे प्रत्यक्षात कसं बसतं ते पाहा. नाशिकचं द्राक्ष रीफरमधून, म्हणजे थंड डब्यातून, रॉटरडॅमला निघालं आणि वाटेत थंडावा गेला. पाच किलोच्या २,४०० पेट्या, १२ टन माल. डबा एकच नग धरला तरी वजनाच्या हिशेबाने २४,००० एसडीआर, म्हणजे जवळजवळ २९ लाख रुपये, किलोला २४० रुपये मर्यादा. द्राक्षाचा भाव बहुतेक त्याच्या आत असतो. म्हणजे नग एक की दोन हजार चारशे, या वादाने बागायतदाराचं फारसं बिघडत नाही. आपल्याकडे या विषयावर बोलताना हटकून द्राक्ष-आंब्याचं उदाहरण दिलं जातं, ते म्हणूनच चुकीचं आहे.

बिघडतं ते हलक्या आणि महाग मालाचं. संभाजीनगरच्या वाळूजमधून, तारापूरमधून किंवा गोव्यातल्या वेर्ण्याहून औषधांचा डबा निघाला असं धरा. ८०० खोकी, वजन ९ टन, किंमत ४ कोटी. वजनाने हिशेब केला तर १८,००० एसडीआर, साधारण २१ लाख ६० हजार रुपये. खोक्यांनी केला तर मर्यादा सहा कोटींच्या वर जाते, म्हणजे पूर्ण किंमत मिळू शकते. चार कोटींचं नुकसान आणि भरपाई एकवीस लाख की चार कोटी, हे ठरवणारी गोष्ट एक आहे: बिलाच्या वर्णनाच्या रकान्यात काय टाइप झालं. '१ x ४० फुटी कंटेनर, औषधे' लिहिलं तर एकवीस लाख. '२० पॅलेट' लिहिलं तरी नगांचा आकडा सोळा लाखांवर अडतो आणि वजनाचेच एकवीस पदरात पडतात. '२० पॅलेटवर ८०० खोकी' लिहिलं तर चार कोटी. आणि हे लिहितो कोण? फॉरवर्डरच्या ऑफिसातला, शिपिंग इन्स्ट्रक्शनची कटऑफ वेळ गाठायची म्हणून मागच्या बिलाचा मजकूर उचलून चिकटवणारा पोरगा. त्या रकान्यावर कोट्यवधी टांगलेले असतात हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. निर्यातदारालाही नसतं.

बरं, मोजून लिहिलं की काम झालं, असंही नाही. ऑस्ट्रेलियात 'एल ग्रेको' प्रकरण गाजलं. बिलात लिहिलं होतं, एक वीस फुटी कंटेनर, आत २,००,९४५ पोस्टर आणि छापील चित्रं. आकडा शेवटच्या नगापर्यंत दिलेला. २००४ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाच्या पूर्ण पीठाने बहुमताने ठरवलं की किती चित्रं हे कळलं, पण ती किती गठ्ठ्यांत कशी बांधली हे कळलं नाही, म्हणून डबाच एक नग. इंग्लंडमध्ये याच्या उलट झालं. स्पेनहून जपानला तीन डब्यांतून गेलेली गोठवलेली ट्यूना खराब झाली. मासे वेष्टनाशिवाय, सुट्या तुकड्यांनी भरलेले होते. 'मर्स्क टँजिअर' या २०१८ च्या निकालात तिथल्या अपील न्यायालयाने प्रत्येक तुकडा वेगळं एकक मानला आणि एल ग्रेकोचा अर्थ नाकारला. दोन्हीकडे व्हिस्बी नियमांतली तीच शब्दरचना. तीच कंटेनरची तरतूद घेतलेल्या आपल्या परिशिष्टाचा अर्थ लावताना उद्या मुंबई उच्च न्यायालयाने यांतलं काय निवडावं? निवडेपर्यंत किती वर्षं जातील? दोन ओळींच्या स्पष्टीकरणाने हे मिटतं: बिलात संख्या आणि प्रकार लिहिला असेल तर तेवढे नग, बांधणीचा तपशील सांगण्याची गरज नाही.

याच ठिकाणी 'सेड टू कन्टेन' या शिक्क्याचाही निकाल लावा. शिपरने भरलेला, मोजलेला, सील केलेला डबा, आत काय आहे हे आम्हाला माहीत नाही, अशा अर्थाची ही ओळ प्रत्येक बिलावर असते. सीलबंद डबा कंपनी उघडून मोजू शकत नाही, हे खरं. किती खोकी भरली हे शिपरने सिद्ध करावं, हेही रास्त. पण १ जुलै २०१६ पासून सागरी सुरक्षेच्या सोलास करारानुसार प्रत्येक डब्याचं पडताळलेलं वजन शिपरला द्यावं लागतं, आणि त्या आकड्याच्या भरवशावर कंपनी जहाजाचा समतोल साधते. आमचा वजनाचा आकडा जहाज बुडू नये म्हणून चालतो, तर नगांचा आकडा भरपाईच्या मर्यादेपुरता का चालू नये? लंडनच्या अपील न्यायालयाने १९९७ साली 'रिव्हर गुरारा' प्रकरणात जुन्या हेग नियमांखाली हेच सांगितलं होतं.  डब्यात प्रत्यक्ष जे नग भरले होते ते सिद्ध झाले तर तेच मोजायचे, बिलात हातचं राखून काहीही लिहिलेलं असो.

आता डबा कोणाचा, याकडे येतो.

भरण्याआधी रिकामा डबा तपासायची एक जुनी रीत आहे. एक माणूस आत जातो, बाहेरून दरवाजे लावतात, आणि तो काळोखात उभा राहून छताकडे, कोपऱ्यांकडे बघतो. कुठे सुईएवढा जरी उजेड दिसला तर डबा परत. उजेड येतो तिथून पाणीही येतं. मग तळाच्या लाकडी फळ्यांवर तेलाचे डाग आहेत का, आधीच्या मालाचा वास येतो का, दाराचं रबर कडक झालं आहे का, सुरक्षिततेची पाटी जागेवर आहे का, हे बघायचं. दहा मिनिटांचं काम. पण कारखान्याच्या दारात रात्री अकराला ट्रेलर लागतो, हमाल ताटकळलेले असतात, सकाळी गेट-इन असतं, आणि डबा त्याआधी यार्डात कंपनीच्याच माणसांनी 'कार्गोवर्दी' म्हणून पास केलेला असतो. एवढ्यावरही छापील अट म्हणते, दोष दिसण्याजोगा होता, तुम्ही पाहायला हवा होता.

जहाजाच्या तळघराला भोक असतं तर असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नसती. माल ठेवायच्या जागा योग्य स्थितीत ठेवणं हे परिशिष्टातच वाहतूकदाराचं कर्तव्य आहे, आणि ते अट घालून टाळता येत नाही. मग कंपनीने पुरवलेला डबा ही माल ठेवायची जागा नाही तर काय? नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये 'एनडीएस प्रोव्हायडर' खटल्यात हेच म्हटलं: वाहतूकदाराने दिलेला डबा या कर्तव्यापुरता जहाजाचा भाग. सागरी मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय रॉटरडॅम नियमांतही ही तरतूद स्पष्ट शब्दांत आहे, पण ते नियम अजून अमलात आलेले नाहीत. आणि बाहेर कशाला बघायचं? आपल्याच २०१७ च्या ॲडमिरल्टी कायद्यात, कशासाठी जहाज अटकावून ठेवता येतं त्या यादीत, जहाजाला पुरवलेल्या साधनसामग्रीत कंटेनर धरले आहेत. ते तिथे मुद्दाम लिहावं लागलं, कारण १९८८ मध्ये 'रिव्हर रिमा' खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने डबे भाड्याने देणाऱ्या कंपनीला जहाज अटकवू दिलं नव्हतं. म्हणजे डबे पुरवणाऱ्याचं भाडं थकलं तर डबा जहाजाची सामग्री, आणि त्याच डब्यातून पाणी गळून कापड कुजलं तर तो शिपरचं पॅकिंग. भारताच्या दोन कायद्यांत ही विसंगती राहू नये.

डिटेन्शनबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये कापसाचे भाव कोसळले आणि चितगावला गेलेले कापसाचे ३५ डबे खरेदीदाराने उचललेच नाहीत. जहाज कंपनीने शिपरकडून दिवसामागून दिवसाचं भाडं मागितलं. ते दहा लाख डॉलरच्या वर गेलं. डब्याची नवी किंमत होती साधारण ३,२६२ डॉलर, म्हणजे पस्तीसही नवे घेतले असते तरी सव्वा लाखाच्या आत. २०१६ मध्ये 'कॉटनेक्स' प्रकरणात इंग्लंडच्या अपील न्यायालयाने म्हटलं की डबे परत मिळणार नाहीत हे स्पष्ट झालं त्यापुढे मीटर चालू ठेवता येत नाही. बांगलादेशला कापूस पाठवणाऱ्या विदर्भातल्या जिनिंगवाल्यांना ही भीती नवी नाही. आपल्याकडे कोची बंदरात पडून राहिलेल्या डब्यांच्या ग्राउंड रेंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२० मध्ये निकाली निघाला, पण तो बंदर आणि जहाज कंपनीच्या एजंटमधला. शिपरकडून किती घ्यायचं याला कमाल मर्यादा हवी, आणि ती डब्याच्या किमतीशी बांधलेली हवी. डबा तुमची मालमत्ता आहे ना? मग तिच्या किमतीपेक्षा जास्त नुकसान तुमचं कसं झालं, ते दाखवा.

यावर जहाज कंपन्या काय म्हणतील ते ठाऊक आहे. पहिलं, मालाची किंमत बिलात जाहीर करा, मर्यादा लागणार नाही. खरं आहे, नियमातच ती सोय आहे. पण किंमत जाहीर केली की भाडं किमतीच्या प्रमाणात लागतं आणि ते इतकं सांगतात की कोणी त्या वाटेला जात नाही. दुसरं, विमा आहेच. आहे, पण विमा कंपनी पैसे देऊन शिपरच्या जागी उभी राहते आणि वसुली एकवीस लाखांवर अडली की पुढच्या वर्षीच्या हप्त्यात ते दिसतं. तिसरं, भाडं वाढेल. कदाचित थोडं वाढेलही. ते दरपत्रकात उघड दिसेल, एवढा फरक.

एक गोष्ट अधिसूचनेने होणार नाही, तीही मांडतो. आपला कायदा भारतीय बंदरातून निघणाऱ्या मालाला लागू आहे. ९ जून २०२५ ला केरळच्या किनाऱ्याजवळ 'वान हाय ५०३' पेटलं, तेव्हा ते सतराशेहून अधिक डबे घेऊन कोलंबोहून न्हावा शेवाकडे येत होतं. त्यावर इथल्या आयातदारांचा जो माल होता, त्याला आपलं परिशिष्ट आपोआप लागू होत नाही. बिलावर ज्या देशाचा कायदा छापला असेल तो बघायचा, बहुतेकदा लंडनला वकील धरायचा. आयातीलाही किमान संरक्षण देणारी दुरुस्ती संसदेतच करावी लागेल. ती पुढच्या वेळी करा. परिशिष्टाचं काम त्यासाठी थांबवू नका.

अधिसूचनेचा मसुदा तयार झाला की तो हरकतींसाठी प्रसिद्ध होईल, अशी आशा आहे. अशा मसुद्यांवर सूचना येतात त्या जहाज कंपन्यांच्या संघटनांकडून आणि मोठ्या निर्यातदारांच्या वकिलांकडून. या वेळी एक प्रत न्हावा शेवाच्या सीएफएसमध्ये (कंटेनर यार्डात) डबे भरून घेत उभ्या असणाऱ्या सुपरवायझरला, आणि एक प्रत वर्णनाचा रकाना भरणाऱ्या त्या फॉरवर्डरच्या पोराला मिळेल असं बघा. दोघांनाही मराठीत दिलीत तर ते तुम्हाला एका बैठकीत सांगतील की कोणतं वाक्य कागदावर चालेल आणि कोणतं डब्याच्या दारात अडेल.

आपला,
पनवेलचा एक कागदपत्रवाला